आरशाला खोचलेलं वचन, आणि वर्ष मात्र भलतंच निघालं. रोजचा विश्वास कसा जपता?

मीठभाकर | ८ जून, रात्री ११:२०

सलाम मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय.

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये उपासना संपली की वचनाच्या कार्डांचं ताट फिरवतात. तुमच्याकडेही असेल. बाहेर फटाके, आत चहा-केक, आणि ज्याने त्याने डोळे मिटून आपलं एक कार्ड उचलायचं. यंदा मला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं. ‘ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, “नशीब काढलंस गं!” (चर्चमध्ये उभं राहून नशीब, पण असो.) घरी येऊन मी ते कार्ड कपाटाच्या आरशाच्या फटीत खोचलं.

फेब्रुवारीत नवऱ्याची कंपनी बंद पडली. तो फॅब्रिकेशनमध्ये आहे, पत्र्याच्या शेड उभारायचं काम. आता मिळेल तिथे रोजावर जातो. एप्रिलमध्ये गावी सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्यांना इकडे पुण्यात आणलंय. वन बीएचके, हॉलमध्ये त्यांची कॉट. मी सकाळी डबे करते, दुपारी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते.

रोज केस विंचरताना ते कार्ड दिसतं. गेल्या आठवड्यात मी ते उलटं करून ठेवलं. फेकवलं नाही आणि वाचायलाही धीर झाला नाही.

खरं सांगायचं तर माझं बायबल वाचन म्हणजे रविवारी पाळकसाहेब सांगतील तो अध्याय, तोही फोनवर. शब्बाथ शाळेत असताना पाठांतराची बक्षिसं घेतली, त्या भांडवलावर वीस वर्षं चाललंय. तर विचारायचं होतं, तुम्ही रोज वाचता म्हणजे नक्की कधी, कसं वाचता? आणि ‘देवावर भरवसा ठेव’ म्हणतात ते रोजच्या दिवसात नक्की काय करायचं असतं?

---

कृपेचा_मळा | ८ जून, रात्री ११:४८

ताई, वचन कधीच खोटं नसतं. कमी पडतोय तो आपला विश्वास. ते कार्ड उलटं केलंत ना, तिथेच सैतानाला जागा दिलीत. रोज सकाळी ते वचन मोठ्याने कबूल करा, घरावर आशीर्वाद जाहीर करा. मी एका सेवकांचा नंबर देतो, त्यांच्या सेवेत बी पेरा, म्हणजे दान द्या, तीन महिन्यांत दार उघडेल. [नंबर काढून टाकला आहे. – संपादक]

---

सरळसोट | ९ जून, सकाळी ७:०५

आलेच बी पेरणारे. ज्या घरात पगार नाही तिथे जाऊन ‘पेरा’ म्हणायला जीभ कशी रेटते?

बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, तेव्हा त्याच्या मित्रांनीही हेच केलं होतं. तुझंच काहीतरी चुकलं असेल, कबूल कर, सगळं परत मिळेल. बिचारे सुरुवातीचे सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि घाण झाली. शेवटी ४२ व्या अध्यायात देवाचा राग कोणावर आहे ते बघा. ईयोबावर नाही, या शहाण्यांवर. इतके अध्याय देवाशी भांडलेला माणूस बरोबर ठरतो आणि देवाची वकिली करणारे चूक.

मीठभाकर, मी काही रोज वाचणारा नाही, त्यामुळे सल्ला नाही. फक्त एवढंच की तुमचं काही चुकलेलं नाही.

---

गोदाकाठ | ९ जून, सकाळी १०:३०

सलाम ताई. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, आमचं गाव नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं. जरा लांबण लावतो, म्हाताऱ्या मास्तराला माफ करा.

कार्डावर एकच वचन मावतं, ही कार्डाची अडचण आहे. यिर्मयाची नाही. यिर्मया २९ हे एक पत्र आहे. बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून राजा, सरदार, सुतार, लोहार असे कामाचे लोक उचलून नेले, इ. स. पूर्व ५९७ मध्ये. त्या लोकांना यिर्मयाने मागून धाडलेलं हे पत्र. आता त्याच्या आधीचा २८ वा अध्याय उघडा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना केवढं बरं वाटलं असेल! आणि यिर्मया काय लिहितो? सत्तर वर्षं. २९:११ च्या लगेच आधीचं वचन १० आहे, त्यातच हा आकडा आहे. म्हणजे पत्र वाचणाऱ्या कितीतरी जणांना परतीची वाट दिसणारच नव्हती. त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या परक्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

हे कळलं की ११ वं वचन लहान होत नाही, जड होतं. दोन वर्षांवाला हनन्या तेव्हाही लोकप्रिय होता, आजही आहे. (कृपेचा_मळा, रागावू नका.)

भरवसा म्हणजे काय करायचं, याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, खडीवर मिळालं. १९७२ चा दुष्काळ. मी बारा वर्षांचा. आमचे दादा, म्हणजे वडील, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. आई पाट्या टाकायची. घरात मिलो, ती लाल ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर पोरांना सुकडी मिळायची म्हणून मीही मागे मागे जायचो. रात्री कंदील लावून दादा कुटुंब प्रार्थना घ्यायचे. सातवी शिकलेले, बोट ठेवून वाचायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी हबक्कूकचा तिसरा अध्याय काढला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आमचा गोठा खरंच रिकामा होता, बैलजोडी छावणीवर. पुढे येतं, ‘तरी’ मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. दादा त्या ‘तरी’वर थांबले. बोट तिथेच. आई म्हणाली, “वाचा की पुढं.” दादा म्हणाले, “थांब, हे एवढं उचलू दे.” कंदिलाची काच काळी पडेस्तोवर थांबलेले मला आठवतात. हर्षापर्यंत त्या रात्री आम्ही गेलोच नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दादा मुकादमाशी हजेरीवरून कडाकडा भांडले. दोन दिवस कमी मांडले होते त्याने. ‘तरी’ म्हणणारा माणूस हजेरी सोडत नसतो, हे मला तेव्हाच कळलं.

---

तुळशीमाळ | ९ जून, दुपारी १:१५

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी वारी आहे. धागा वाचत होतो, गोदाकाठ गुरुजींचा ‘तरी’ वाचून राहवलं नाही. आमच्याकडे आजोबा रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे, घरात मयत असलं तरी. लहानपणी वाटायचं, काय हा हट्ट. आजोबा म्हणायचे, विहीर कोरडी असली तरी रहाट करकरू द्यावा, गंज चढत नाही.

एक शंका. तुमच्याकडे ‘श्रद्धा’ म्हणत नाहीत का? सगळे ‘विश्वास’ आणि ‘भरवसा’च लिहिताहेत.

---

गोदाकाठ | ९ जून, दुपारी ३:४०

तुळशीमाळ, बरं विचारलंत. बोलण्यात आमच्याकडे विश्वास हाच शब्द. पण जुन्या भाषांतरात नीतिसूत्रे ३:५ कसं आहे पाहा: ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ भाव! हा शब्द भाषांतरकारांना तुमच्या आजोबांच्या अंगणातच मिळाला असणार. भाव तिथे देव म्हणणाऱ्या लोकांना दुसरा कुठला शब्द चालला असता? विश्वास डोक्यात ठेवता येतो. भाव ठेवायला अख्खा माणूस लागतो.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या हाती नवा करार पडला तो आगगाडीत, १८९३ च्या सुमारास, नागपूरहून राजनांदगावला जाताना. एका गोऱ्या सहप्रवाशाने दिला. वाचायचं वचन दिलं म्हणून वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. बाप्तिस्मा १८९५ ला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतरही काही वर्षं लागली, सोवळंओवळं एकेक करून सुटत गेलं. एका घरातली, एका ताटातली दोन माणसं, पण चाल वेगळी. मला टिळकांपेक्षा बाईंची चाल जवळची वाटते.

---

वसईची_वाडी | ९ जून, रात्री ९:१०

आम्ही कॅथलिक, वसईचे. आमच्याकडे म्हातारी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात.

मीठभाकर, तुम्ही विचारलंत रोज काय वाचता. माझ्यासारख्या आळशी माणसाला आमची पद्धत बरी पडते, कारण निवड माझ्यावर नाही. मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, तिचे पाठ ठरलेले असतात. रविवारच्या शुभवर्तमानांचं चक्र तीन वर्षांचं, एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक, आणि योहान सणासुदीला. आठवड्यातल्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात. त्यामुळे ‘आज मला काय हवंय’ हा प्रश्नच येत नाही, ताटात पडेल ते खायचं. मला आवडत नसलेलं वचनही वर्षा-दोन वर्षांनी फिरून दारात उभं. हे कार्ड उचलण्याच्या अगदी उलटं आहे बघा.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल घरात आलं तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा बायबल गोष्टीसारखं सलग वाचलं. त्याआधी पिढ्यान्पिढ्या आमचं शास्त्र म्हणजे रोजरी, मण्यांच्या माळेवरची प्रार्थना. आजीला अक्षरओळख नव्हती. फुलांच्या गाठी बांधताना, पहाटे साडेतीनला, ओठ हलत असायचे. सोमवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी दुःखाची. मण्यामण्यावर येशूचं अख्खं आयुष्य तिला पाठ, आणि वाचता एक ओळ येत नव्हती. म्हणून वाचन जमत नाही याचा फार अपराध घेऊ नका.

---

नाइटशिफ्ट | १० जून, पहाटे ४:३५

नर्स आहे, आयसीयू, मुंबई. आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहितो.

आधी धंद्याचं. सासऱ्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्या, रात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड, खांदे रोज उजेडात बघा, लाल दिसलं की तिथला दाब काढा. भरवताना बसवून, मान किंचित पुढे, घोट छोटे. ठसका लागत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, थांबू नका. फिजिओथेरपीचे पहिले महिने मोलाचे, पैशाची ओढ असली तरी व्यायाम शिकून घ्या आणि घरी करा. हे मी प्रार्थनेइतकंच महत्त्वाचं मानतो.

आता दुसरं. मी बायबलमधली स्तोत्रं वाचतो, बाकी काही नाही. दीडशे आहेत, रोज एक, बसमध्ये. ११७ वं दोन वचनांचं, त्या दिवशी सुटी मिळाल्यासारखं. ११९ वं १७६ वचनांचं, ते नाक्यानाक्यावर तोडून. आमच्या चर्चमध्ये नेहमी २३, ९१ आणि १२१ एवढीच चालतात. १२१ मध्ये देव डुलकी घेत नाही असं आहे, तेव्हा पहाटे चारला मला फार हेवा वाटतो त्याचा.

पण ८८ वं कोणी कधी काढलेलं मी ऐकलं नाही. ते अंधारातच संपतं. शेवटी कलाटणी नाही, स्तुती नाही, काही नाही. एका रात्री एक लहान पेशंट गेला, बाहेर आईचा आवाज, आणि मी सकाळी बसमध्ये उघडलं तर ८८. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या पुस्तकात मला जागा आहे. जे लिहिणाऱ्याने प्रार्थना म्हणून लिहिलं ते मीही प्रार्थना म्हणून म्हणू शकतो. मीठभाकर, कार्ड उलटं ठेवणं हीही मला प्रार्थनाच वाटते. फेकलं नाहीत ना.

---

कृपेचा_मळा | १० जून, सकाळी ८:२०

माझा सूर चुकला. ताई, माफ करा. मी दारूतून सुटलो ते त्याच सेवकांच्या सभेत, त्यामुळे जे मला लागू पडलं ते सगळ्यांना सांगत सुटतो. माझी साक्ष खरी आहे, एवढं मात्र मी सोडणार नाही. वचन मोठ्याने वाचायचं मी म्हणालो तेही सोडणार नाही. मनात वाचलं की माझं मन भटकतं.

---

सरळसोट | १० जून, सकाळी ८:५५

मोठ्याने वाचण्याबद्दल सहमत. (लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही.)

मीही कबूल करतो. दर १ जानेवारीला ‘वर्षभरात पूर्ण बायबल’ सुरू करतो. ११८९ अध्याय, रोज सव्वातीन. उत्पत्ती जोरात, निर्गम अर्धं जोरात, मग निवासमंडपाची मापं सुरू होतात, आणि लेवीयात माझी गाडी कायमची पंक्चर. फेब्रुवारीत मी नेहमी यज्ञाच्या चरबीपाशी असतो. चार वर्षं झाली.

---

मीठभाकर | १० जून, रात्री ११:४०

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं. नाइटशिफ्टभाऊ, उजव्या टाचेला लाल दिसलं आज, तुमच्यामुळे बघितलं. उशी लावलीय.

सरळसोट, हसले, बऱ्याच दिवसांनी.

सुरुवात कुठून करू तेवढं सांगा. वेळ म्हणाल तर रात्रीची भांडी झाल्यावर दहा मिनिटं. त्याहून एक मिनिट जास्त नाही.

---

गोदाकाठ | ११ जून, सकाळी ६:१५

मार्क. सोळा अध्याय, सगळ्यांत आखूड शुभवर्तमान, आणि गडी सारखा पळत असतो, ‘लगेच’, ‘तत्काळ’ चाललेलं असतं. एका रात्री एक अध्याय, नाहीतर अर्धा. अडलं तर अडू द्या, पुढे चला. आणि एकटीने वाचू नका, हॉलमध्ये वाचा. सासऱ्यांचे कान शाबूत आहेत ना?

दहा मिनिटं थोडी नाहीत ताई. शास्त्रातलीच मोजणी घ्या. रानात इस्राएल लोकांसाठी आकाशातून मान्ना, म्हणजे खायची भाकर, पडायचा तो एका दिवसापुरता, उद्यासाठी राखला तर किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुपटीची मुभा. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’. वर्षाची कणगी मागितलेली नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंचं ठिकाण तुम्हाला लांब नाही, कधी जाऊन या. बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, कशासाठी तर त्यांच्या मुक्ती आश्रमातल्या, खेड्यापाड्यातून आलेल्या बायकांना कळावं म्हणून. छापखानाही तिथलाच, खिळे जुळवणाऱ्या त्याच मुली. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी काम थांबवलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. पुस्तक पूर्ण होऊन बाहेर पडलं १९२४ ला. त्या मधल्या नऊ महिन्यांत सकाळी उठून मुद्रितं समोर घेताना त्यांना काय वाटत असेल, हे मी पुष्कळदा मनात आणून पाहिलंय.

---

मीठभाकर | २९ जून, रात्री ११:५०

धागा वर काढतेय.

आमचं मार्क सुरू आहे. अठरा दिवसांत पाच अध्याय झालेत, म्हणजे गुरुजींच्या हिशोबाने मी नापास. तीन रात्री झोपून गेले, दोनदा पाणी आलं नव्हतं, एकदा नवऱ्याशी पैशांवरून वाजलं. त्याचं काम अजून रोजावरच. मामांचा हात हलत नाही, पाय थोडा उचलतात. कार्ड अजून उलटंच आहे.

पण दुसऱ्या अध्यायाची रात्र सांगायचीय. मी आधी चाळून बघितलं आणि पोटात गोळा आला. पक्षाघाती माणूस. चौघं त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, छप्पर उकलून बाज खाली सोडतात, आणि तो बरा होऊन चालत घरी जातो. हे मी कॉटवरच्या माणसासमोर कशी वाचू? म्हटलं गाळावा, थेट तिसरा घ्यावा. नवरा म्हणाला, “वाच. त्यांना ती गोष्ट तुझ्याआधीपासून ठाऊक आहे.”

वाचला. पाचव्या वचनावर मीच अडखळले. येशू ‘त्यांचा विश्वास पाहून’ बोलतो. त्यांचा. बाजेवरच्या माणसाचा विश्वास होता की नव्हता, एक शब्द नाही. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट, हे मला कधी दिसलं नव्हतं. मी इथे विचारायला आले होते की माझा भरवसा कमी पडतोय का, आणि इथे तो माणूस दुसऱ्यांच्या भरवशावर खाली उतरतोय. तुमचीच आठवण झाली. टाच बघायला सांगणारे, भांडणारे, सगळेच.

वाचून झालं. कोणी बोलेना. मग मामांनी डाव्या हाताने खूण केली, परत. बोलणं अजून जडच आहे. मी परत वाचलं. छपरापाशी त्यांनी थांबवलं आणि तोंड वाकडं करत एकेक शब्द काढला, “धाब्याचं… घर… असंल.” आमचं गावचं जुनं घर धाब्याचं होतं, वर पांढरी माती. मग नवऱ्याकडे बघून, “फावडं… लागतंय… माती… खाली पडती… सगळ्यांच्या… डोक्यात.” आणि अर्ध्या चेहऱ्याने हसले. एप्रिलपासून पहिल्यांदा.

नवरा कॉटच्या पायाशी बसून पाय चोळत होता. वर आमच्या स्लॅबकडे बघत म्हणाला, “ते ठीक आहे. पण पावसाळ्याच्या आत ते धाबं परत कोणी लिंपलं? त्याचं कुठे लिहिलंय का बघ.”

पुढचे सगळे अध्याय तो तेवढंच शोधतोय. गुरुजी, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.